गाडीला विचारणारा माणूस

अरविंद परब आठवला की मला अजूनही हात धुवावेसे वाटतात. खोटं कशाला बोलू? माणूस दारू प्यायचा नाही, बायकोवर कधी हात उचलला नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा, परब म्हणजे एकदम सज्जन, असंच सांगतील. मीसुद्धा शेजारीण म्हणून बरीच वर्षं तेच सांगत होते. पण समोरासमोर दारं असली की पलीकडचं सगळं ऐकू येतं, आणि जे मी ऐकलं त्यानंतर त्या माणसाला सज्जन म्हणायला माझी जीभ वळेना.

परळला आमची जुनी चाळ होती, ती पाडून टॉवर झाला. चाळीत परब आमच्या शेजारच्या खोलीत, टॉवरमध्येही नशीब असं की दारासमोर दार. त्याची बायको शोभा माझी मैत्रीण. मालवणकडची, हसरी, हाताला चव अशी की तिच्या घरची फोडणी पडली की माझं जेवण झालेलं असलं तरी मी ताट घेऊन जायची. त्यांना एकच मुलगी, प्राची. मला नंदामावशी म्हणायची. शाळेतून आली की आधी माझ्याकडे दप्तर टाकायची, सगळं भडाभडा सांगून मोकळी व्हायची आणि मग घरी जायची. तेव्हा मला वाटायचं, पोरीला माझा लळा आहे. आता कळतं, घरी तिचं ऐकायला कुणी नव्हतं. शोभा कामात, आणि बाप हा असा.

परब प्रभादेवीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होता. गेटवरच्या खोलीत बसायचं, कोण कधी आत आला, कोण कधी बाहेर पडला, बघायचं. जन्मभर हेच. शोभा सांगायची, एकदा एक कामगार उशिरा आला, घरी आई गेली होती बिचाऱ्याची, सांगताना रडत होता. परबनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते ठीक आहे, पण कार्डावर लेट पडलाय ना." हे शोभानं मला हसत सांगितलं होतं. नवऱ्याचं कौतुक म्हणून. मीही हसले असेन.

निवृत्त झाल्यावर त्यानं गाडी घेतली. आनंदाची गोष्ट. सिद्धिविनायकाला नेऊन हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, पेढे वाटले. प्राचीला नुकतीच नोकरी लागली होती, माझगावला, एका शिपिंगच्या ऑफिसात. तिनं गाडी शिकून घेतली. ठरलं असं की आठवडाभर गाडी प्राचीनं न्यायची आणि सुटीच्या दिवशी परबनं चालवायची. इथपर्यंत सगळं छान होतं.

मग कुठल्यातरी व्हिडिओत त्यानं ती डबी बघितली. स्टिअरिंगखाली, पायाजवळ, गाडीला एक खाच असते. गॅरेजवाले तिथे मशीन लावून गाडीला काय झालंय ते बघतात. आता ते मशीन काडेपेटीएवढं मिळतं, खाचेत खोचायचं, मोबाइलवर ॲप घ्यायचं, की गाडीच्या पोटातलं सगळं फोनवर दिसतं. इंजिन किती तापलंय, किती फिरतंय, बॅटरी किती आहे, हवा किती आत जाते. वाईट काहीच नाही त्यात. माझ्या भाच्याकडेही आहे. दिवा लागला की बघतो, दुरुस्त करून घेतो, विसरून जातो. परबला मात्र पुन्हा टाइम ऑफिस मिळालं.

त्या दिवसापासून हा माणूस फोनमधून वर आला नाही. लिफ्टमध्ये फोन, जेवताना फोन. आमटीत बुडवलेल्या बोटानं काच सरकवायची, मग ती काच बनियनला पुसायची, डाग गेला नाही तर अंगठा चाटून त्यानं पुसायची. शी! आणि गाडीची किल्ली कानात. कानात फिरवून बाहेर काढायची, निरखून बघायची आणि तीच किल्ली फोनवर टेकवून मला दाखवायचं, "हे बघा नंदाताई, कूलंट नव्वद. एकदम परफेक्ट." मी काय बघणार, माझं सगळं लक्ष त्या किल्लीकडे.

गाडीत बसल्यावर तर विचारू नका. फोन समोर अडकवलेला, त्यावर गोल गोल काटे. एकदा आम्ही सगळे माझगावला शोभाच्या बहिणीकडे बारशाला निघालो. पुढे परबशेजारी प्राची, मागे मी आणि शोभा. एसीचा झोत सरळ शोभाच्या अंगावर. ती म्हणाली, "अहो, जरा कमी करा, थंडी वाजता." परबनं फोनकडे बघितलं आणि म्हणाला, "बत्तीस आहे. बत्तीसला थंडी वाजत नाही." आता ते बत्तीस कुठलं, तर इंजिनात जाणाऱ्या हवेचं! बायको मागे कुडकुडतेय, आणि हा तिला इंजिनाचं तापमान सांगतोय. शोभानं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला. इतकी सवय झाली होती तिला.

त्याच दिवशी, पुढे गेलो तर जळका वास. प्लॅस्टिक जळल्यासारखा, नाकात शिरणारा. मी म्हटलं, "परब, काहीतरी जळतंय." तो म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "अहो, नाही काय? वास येतोय." त्यानं सिग्नलला थांबून ॲप सगळं खालीवर केलं. "एकही एरर नाही," म्हणाला, "वास बाहेरचा आहे." शोभा म्हणाली वास आतलाच आहे, प्राची म्हणाली बाबा थांबवा, मी काच खाली करत म्हटलं मला मळमळतंय. गाडीत चार नाकं, त्यातली तीन एक सांगतायत. त्यानं काचा वर केल्या! बाहेरचा वास आत येऊ नये म्हणून. शेवटी बाजूच्या टॅक्सीवाल्यानं खिडकीतून ओरडून सांगितलं, "ओ काका, खालून धूर येतोय, खाली बघा." तेव्हा उतरला. सायलेन्सरला रस्त्यातली कसलीतरी प्लॅस्टिकची पिशवी चिकटून वितळत होती. काठीनं खरवडून काढली. परत बसला आणि म्हणाला काय माहितीये? "म्हणजे गाडीत काही फॉल्ट नव्हता. मी सांगत होतोच." 

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर मी त्याच्यावर अन्याय केल्यासारखं होईल. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं गिरगावातल्या एका हॉस्पिटलात, तेव्हा प्राची तेवढे दिवस बसनं गेली आणि परब मला रोज नेऊन सोडायचा, रोज आणायचा. मी मागितलं नव्हतं. स्वतःहून. ऑपरेशनच्या दिवशी तर सकाळपासून खाली गाडीत बसून होता. संध्याकाळी मी खाली आले, ऑपरेशन नीट झालं होतं, कुणालातरी सांगायचं होतं. दार उघडून बसले. परब म्हणाला, "बॅटरी जरा उतरली दिवसभरात, पण होईल चालू." मी वाट बघितली. आता विचारेल, मग विचारेल. भायखळा गेलं, लालबाग आलं, घर आलं. विचारलंच नाही हो त्यानं. दिवसभर एक माणूस माझ्यासाठी उन्हात बसून राहिला, आणि ज्याच्यासाठी बसला तो जगला की मेला, हे त्यानं विचारलं नाही. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते टाक्यांवर हात धरून हसले. "तो तसाच आहे," म्हणाले. मला हसू आलं नाही. ते उपकार मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो.

पण हे सगळं एका बाजूला. खरा किळसवाणा प्रकार पुढेच आहे.

प्राची गाडी नेत होती ना, मग तो आठवडाभर घरी काय बघणार? त्यानं आपला जुना फोन चार्जरला लावून गाडीच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. डबीतून निघालेलं सगळं त्या फोनात साठायचं आणि तिथून ह्याच्या फोनवर यायचं. गाडी कुठे आहे ते त्याला कळत नसे, कशी आहे तेवढं कळायचं. आधी चोरून ठेवला होता. प्राचीला सापडला तेव्हा म्हणतो, "त्यात लपवण्यासारखं काय आहे? गाडीची काळजी आहे." काळजी म्हणे!

रोज संध्याकाळी ती दमून यायची, चपला काढायच्या आत हजेरी सुरू. आमचं दार उघडं असायचं, सगळं ऐकू यायचं.

"सकाळी एकदम जोरात ब्रेक मारलास."

"हो बाबा, एक बाई मुलाला घेऊन मध्येच..."

"टायर झिजतात त्यानं."

"बाबा, ते मूल पळत..."

"आणि दुपारी गाडी बंदच होती. जेवायला बाहेर नाही गेलीस?"

तिनं सुरू केलेलं एक वाक्य त्यानं पुरं होऊ दिलं नाही कधी. त्याला कारण नको असायचं. आकडा मिळाला की झालं. मोठी मुलगी हो, कमावती. ऑफिसात लोक तिला विचारून जहाजांची कामं करतात, आणि घरी बाप तिला ब्रेकवरून झापतोय. मी एकदा मध्ये पडले. म्हटलं, "परब, मुलगी समोर उभी आहे, तिलाच विचारा की दिवस कसा गेला." तो खरंच गोंधळला. म्हणाला, "ती सांगेल ते आणि गाडी सांगेल ते वेगळं असू शकतं ना, नंदाताई. गाडी खोटं बोलत नाही."

त्या संध्याकाळी प्राची माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली, मी चहा टाकला. म्हणाली, "मावशी, गाडी नको म्हणून सांगणार होते. पण मग वाटतं, गाडी सोडली तर आमचं तेवढंही बोलणं बंद होईल. मला फार काही नकोय. एकदा बाबांनी मला विचारावं. मला. आणि मी सांगेन ते खरं मानावं. एकदाच. मग मी जन्मभर त्यांची गाडी पुसून देईन." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. मी म्हटलं, "विचारेल गं, वय झालं की माणूस मऊ होतो." काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

मग आला उन्हाळा. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे मसाला. वर्षाचा मसाला एकदम करायचा असतो. मिरच्या आणायच्या, गच्चीत वाळवायच्या, बाकीचं सामान भाजायचं आणि लालबागला डंकावर नेऊन कुटून आणायचं. दरवर्षी शोभा आणि मी जायचो. त्या वर्षी तिचे गुडघे धरले होते आणि माझ्या घरी पाहुणे. म्हणून शोभानं प्राचीला पाठवलं, ऑफिसातून लवकर निघ आणि घेऊन ये म्हणून. आणि पढवून पाठवलं. "गो, डंकासमोरून हलू नको. नजर काढलंस की मेले दुसऱ्याचो मसालो आपल्यात मिसळतत. आणि गरम मसाल्याचा तोंड बांधू नको, घाम सुटता, वर्षभर टिकाचो नाय."

लालबागच्या त्या गल्लीत मसाल्याच्या दिवसांत पाऊल ठेवायला जागा नसते. तिखटाचा खकाणा असा की येणारा जाणारा शिंकतोय. प्राचीनं सामान आत दिलं, गाडी समोरच लावली, काचा बंद केल्या, एसी लावला आणि काचेतून डंकावर डोळा ठेवून बसून राहिली. इंजिन चालू. नंबर लागायला बराच वेळ गेला. मसाला मिळाला तो गरम, उघड्या तोंडाचा मोठा डबा. मागे ठेवला तर सांडणार, म्हणून पुढच्या सीटवर ठेवला. गाडी निघाली तशी पट्ट्याची घंटी वाजायला लागली, शेजारी कुणीतरी बसलंय समजून. डबा पडूही नये आणि घंटीही थांबावी, म्हणून पोरीनं डब्याला पट्टा बांधला. घरी आणला, शोभानं बरण्यांत भरला, मध्ये हिंगाचे खडे घातले, संपलं. मला ही पट्ट्याची गंमत प्राचीनं दुसऱ्याच दिवशी हसत हसत सांगितली होती. बापाला सांगितली नाही. त्यानं विचारलं कुठे होतं?

आता परबच्या ॲपमध्ये हे कसं दिसलं असेल बघा. त्यानं पैसे भरून मोठं ॲप घेतलं होतं. त्यात दारं, पट्टे, सीट, सगळं यायचं. मुलगी ऑफिसातून लवकर निघाली. गाडी कुठेतरी उभी, इंजिन चालू, एसी चालू, बराच वेळ. मग डावीकडचं पुढचं दार उघडलं. शेजारच्या सीटवर वजन आलं. पट्टा लागला. गाडी घराकडे आली.

झालं की! टाइम ऑफिसनं निकाल लावला. मुलगी कुणा पुरुषाबरोबर एसी लावून गाडीत बसते आणि त्याला घेऊन फिरते.

घरी मसाल्याचा वास दरवळत होता हो! खालच्या मजल्यापर्यंत. ओट्यावर भरलेल्या बरण्या रांगेत. त्याच्या नाकाला कळलं नाही. मसाला दरवर्षी येतो, कसा येतो, कोण आणतं, हे त्या माणसानं आयुष्यात बघितलं नव्हतं. आणि हे त्यानं पाच दिवस पोटात ठेवलं. मुलीला एकटीला विचारलं नाही. बायकोच्या कानावर घातलं नाही. चार माणसं जमायची वाट बघत बसला.

रविवारी शोभाकडे जेवण होतं. नव्या मसाल्याची पहिली आमटी. बांगड्याचं तिखलं, सोलकढी, तांदळाची भाकरी. माझगावहून शोभाची बहीण सुलभा आली होती, यजमानांना घेऊन. मी होतेच. परब दुसऱ्यांदा वाटी भरून घेऊन ओरपत होता, मिशीला लाल ओघळ, एक बोट फोनवर. सुलभानं सहज विषय काढला, "प्राचीसाठी एक स्थळ आलंय हो भावोजी, चांगलं आहे, बघायचं का?"

परबनं वाटी खाली ठेवली. फोन उचलला. म्हणाला, "तिला स्थळ कशाला? तिनं बघून ठेवलाय. मंगळवारी गाडीत घेऊन बसली होती त्याला." आणि वाचायला लागला. इंजिन चालू किती वेळ, एसी किती वेळ, दार कधी उघडलं, सीटवर वजन कधी आलं, पट्टा कधी लागला. मावशी, मावशीचे यजमान, मी, सगळ्यांसमोर. आवाज अजिबात चढवला नाही. एकसुरात, स्टेशनवर घोषणा करावी तसा.  मला आधी त्याच्या पट्ट्याचा अर्थच लागेना, आणि लागला तेव्हा असं वाटलं, ते तिखलं त्याच्या डोक्यावर ओतावं.

शोभा उभीच होती, हातात भाकरी. "अहो, काय बोलताय? तुम्ही तिका इचारलात?"

"विचारायचं काय? हे आहे ना."

  प्राचीनं बापाकडे बघितलं, मग त्याच्या वाटीकडे. म्हणाली, "बाबा, ज्याला मी पट्टा बांधून आणला ना, तो तुमच्या वाटीत आहे."

कुणालाच कळेना. मग मीच बोलले, भडाभडा, मसाल्याचा डबा, डंक, घंटी, सगळं. सुलभाचे यजमान फिसकन हसले आणि ताटात बघायला लागले. शोभा मटकन खाली बसली. आणि मला वाटलं, बरं झालं. इतका तोंडावर आपटलाय, आता तरी ह्याच्या तोंडून शब्द निघेल. प्राचीही तशीच बघत होती त्याच्याकडे, मान जरा पुढे करून. एवढीशी होती तेव्हा माझ्या दारात खाऊची वाट बघत उभी राहायची, अगदी तशी. लाज वाटते सांगायला, मी मनात देवाचं नाव घेतलं.

परब उठला. उष्ट्या हातानं उठला. स्वयंपाकघरात गेला, मसाल्याची सगळ्यात मोठी बरणी उचलली, गाडीची किल्ली घेतली आणि पायात चपला अडकवून खाली गेला. खरं-खोटं करायला! मुलीचं ऐकून नाही, माझं ऐकून नाही, वाटीतला मसाला चाखून नाही. बरणी सीटवर ठेवून ॲपमध्ये दिसतं का बघायला. आम्ही सगळे अर्ध्या ताटांवर बसून. तिखल्यावर साय धरली. 

तो वर आला तेव्हा डोळे लाल, गालांवर पाणी, नाक ओढतोय. सुलभा भाबडी, ती म्हणाली, "जाऊ दे हो भावोजी, रडू नका, चूक माणसाकडूनच होते." कसला रडतोय! बंद गाडीत बरणीचं झाकण निसटलं होतं, तिखट डोळ्यांत गेलं होतं. त्यानं बरणी ओट्यावर ठेवली, अंगठा चाटून फोन पुसला आणि म्हणाला, "बरोबर आहे. सेन्सर दाखवतोय. सेन्सरमध्ये काही फॉल्ट नाही."

मग प्राचीकडे वळला. 

"सामान मागच्या सीटवर ठेवत जा."

एवढं बोलून पाटावर बसला आणि गार झालेलं तिखलं खायला लागला. भाकरी मागितली. आणि शोभानं वाढली! मला त्या घरात एक क्षण बसवेना. मी ताट तसंच टाकून उठले, समोरच्या माझ्या घरी आले आणि बेसिनवर साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. आमचे हे म्हणाले, "काय झालं गं?" मी म्हटलं, "घाण झाली."

प्राची महिन्याच्या आत बाहेर पडली. ऑफिसातल्या दोघींबरोबर दादरला जागा घेतली. भांडण नाही, रडारड नाही. गाडीची किल्ली शोकेसवर ठेवली, मला वाकून नमस्कार केला. परब तेव्हा खाली टायरमधली हवा बघत होता. शोभा दारात उभी राहून तिला म्हणाली, "त्यांचा सोभावच तसो गो बाय." प्राची म्हणाली, "आई, माहितीये." शोभा त्यानंतर माझ्याकडे ताट घेऊन यायची, तिच्या स्वतःच्या घरात तिला घास उतरायचा नाही. परब समोरच्या दारातून मला सांगायचा, "गाडी उभी राहून राहून बॅटरी उतरते हो." मुलगी उतरून गेली ते कुठल्या काट्यावर दिसणार?

आम्ही नंतर ठाण्याला राहायला गेलो, भाच्याच्या जवळ. त्याआधीच्या गणपतीत मी त्याला शेवटचं बघितलं. गौरी-जेवणाचा दिवस. प्राची आईला माझगावला मावशीकडे न्यायला आली होती. तिनं स्वतःची गाडी घेतली होती, छोटी, जुनी घेतलेली, दारावर एक ओरखडा. गेटच्या आत उभी. शोभा नवी साडी नेसून पुढे बसली. मी पोचवायला खाली उतरले होते. परबही उतरला. दाढी केलेली, पांढरा लेंगा, हातात ती डबी.

प्राचीनं काच खाली केली. बाप लेकीच्या खिडकीशी कितीतरी महिन्यांनी उभा. त्यानं डबी पुढे केली. "लावून बघू दे एकदा. दोन मिनिटं. सेकंडहँड आहे, काय सांगता येत नाही."

प्राचीनं त्याच्या हाताकडे बघितलं. आवाज अगदी साधा, चिडलेला नाही. "बाबा, मला विचारा ना."

"काय विचारू?"

"काहीही. गाडी कशी चालते विचारा. मी कशी आहे विचारा. जेवतेस का विचारा. मी सांगते सगळं."

मी तुळशीच्या कुंडीजवळ उभी होते. मी मनात त्याला ओरडून सांगत होते, विचार मेल्या, विचार, दोन शब्द, ती थांबलीय. आणि ती खरंच थांबली होती. मागे एक टेम्पो हॉर्न मारत होता तरी थांबली. शोभानं डोळे मिटून घेतले होते. परबचे ओठ हलले. मला दिसलं, त्यालाही काहीतरी बोलायचं होतं, इतकं मी प्रामाणिकपणे सांगेन. तो खिडकीतून आत वाकला. तिच्या तोंडाकडे बघेल असं मला वाटलं, पण तो तिच्या पायांजवळ बघत होता.

"ह्या मॉडेलला खाच स्टिअरिंगच्या डावीकडे असते ना?" त्यानं विचारलं.

प्राची बघत राहिली त्याच्याकडे. मग हसली. 

"हो बाबा," ती म्हणाली, "डावीकडे असते."

आणि तिनं काच वर केली. गाडी गेटमधून बाहेर पडली आणि वळून गेली. परब डबी खिशात टाकत माझ्याजवळ आला. "बघितलंत?" म्हणाला, "इंडिकेटर दिला नाही तिनं."

 तो आणखी काहीतरी बोलत होता, मी लिफ्टकडे चालू लागले.